बारकूकाकांच्या ताडावर माझा ड्रोन

ड्रोन घेऊन प्रवासाला निघणाऱ्याला माझा पहिला सल्ला असा, की तो लाडवांच्या डब्याखाली ठेवू नये. दुसरा सल्ला असा, की त्याची परतीची उंची गावागणिक बदलावी. पहिला सल्ला मी बार्शीहून निघतानाच पाळला. दुसरा मला वाणगावच्या एका ताडाने शिकवला.

बार्शीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली लग्नात वरून चित्रण नसेल तर लग्न लागल्यासारखंच वाटत नाही लोकांना, म्हणून आम्ही एक छोटा ड्रोन घेतला. तो उडवणारा माणूस ऐन लग्नसराईत पुण्याला निघून गेला, तेव्हा मीच शिकले. या कामाला हात स्थिर लागतो, नजर लागते आणि वरमाईकडे दुर्लक्ष करता यावं लागतं. तिन्ही माझ्याकडे आहेत.

होळी झाली आणि आठवड्याने नणंदेचा फोन आला. शालूवन्सं लग्न होऊन वाणगावला गेल्या त्याला तीस वर्षं झाली. त्यांची स्टेशनाच्या पूर्वेला चिकूची वाडी आहे.

"सुनंदा, ते तुझं उडतं यंत्र घेऊन ये. वाटेचं काम हाय."

तीस वर्षांत वन्संची भाषा पालघरची झाली आहे. बार्शीचा उरला आहे तो फक्त हुकूम सोडायचा सूर.

काम असं होतं. वाडीच्या मागे टेकडीच्या पायथ्याला वारल्यांचा पाडा आहे. पाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एका पायवाटेने वाणगावच्या बाजाराला येतात. वन्संकडे चिकू उतरवायलाही त्याच येतात. वाट ज्या रानातून जाते ते रान बोईसरच्या एका शेठने घेतलं. कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा माणूस, हौस म्हणून जमीन घेतली. त्याने रानाला तारेचं कुंपण घातलं, वाटेवर ट्रॅक्टर फिरवला, आंब्याची कलमं लावली आणि 'इथे वाट नव्हतीच' असं सांगितलं. आता बायकांना डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याने तीन किलोमीटरचा वळसा पडत होता. वन्संचे चिकू झाडावरच पिकून गळत होते. तहसीलला अर्ज गेला होता आणि मंगळवारी अकरा वाजता मंडळ अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत सर्कलसाहेब, पाहणीला येणार होते. वाट होती हे त्यांना पटलं तर ती उघडणार. नाही तर गेली.

वन्संना कुणीतरी सांगितलं होतं, की नांगरलेली वाटसुद्धा वरून पाहिली तर दिसते. ते खरं आहे.

बोईसर, शनिवार

गाडीत बसले आणि उतरले. मधल्या वेळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वाणगाव पुढचं स्टेशन, पण मी बोईसरला उतरले, कारण ड्रोनची पाती बसवायचे चार बारीक स्क्रू बार्शीत टेबलावर राहिले होते.

बोईसर हे कारखान्यांचं गाव. जगातला हरेक स्क्रू इथे मिळत असणार, अशी माझी समजूत होती. ती बरोबर निघाली. अडचण एवढीच, की किलोच्या खाली कुणी देत नाही. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या दुकानदाराने माझी चार नगांची मागणी ऐकून मला आधी बसायला स्टूल दिलं. मग चष्मा लावून फळीखालचा केर चाळला आणि त्यातून पाच स्क्रू काढून तळहातावर ठेवले.

"पाचवा कशाला?" मी विचारलं.

"एक हरवतोच, ताई."

तो वाणगावला पोचायच्या आत हरवला.

पुढे रिक्षाने गेले. रिक्षावाला उत्तर प्रदेशातल्या बलियाचा होता. मांडीवरची पेटी कसली हे त्याने आधी विचारून घेतलं.

"दीदी, ये उड़ के बलिया तक जाएगा?"

"नहीं जाएगा।"

"अच्छा है। घर पे बोला है, कंपनी में सुपरवाइज़र हूँ।"

घिवली, रविवार

रविवारी वन्संना मासळी हवी होती, म्हणून आम्ही घिवलीला गेलो. ड्रोन मी कपाटात ठेवला आणि किल्ली पदराला बांधली. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. कुठे उडवायचं नि कुठे नाही याचा सरकारी नकाशा मोबाइलवर दिसतो. हिरवं असेल तिथे उडवावं, लाल असेल तिथे पेटीची कडीसुद्धा उघडू नये. घिवलीच्या शेजारी अणुवीज केंद्र आहे. तिथल्या किनाऱ्याचा रंग नकाशा न उघडताही कळायला हवा.

किनारा मात्र बघण्यासारखा आहे. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो, की बोटी चिखलात कलंडून पडतात, जेवणानंतरच्या पाहुण्यांसारख्या. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, जबड्यात जबडा अडकवून. आमच्याकडे पापड वाळत घालतात तेव्हा राखायला बाई बसवतात. इथे बोंबलांना कुणी राखण बसलेलं दिसलं नाही. कावळे वासानेच तृप्त असावेत.

वन्संची नेहमीची मासळीवाली पाटीमागून माझ्याकडे निरखून बघत होती.

"तूच ना ती ड्रोनवाली?"

मी येऊन अजून एक दिवस झाला नव्हता.

"इथं उडवू नको हां बाय. पोलीस येतील, तुझी चौकशी करतील, आन् तुझ्या नादात माझे बोंबील इकायचे राहतील."

"आणलेलाच नाही."

"मग बरा. किती वाटे देऊ?"

तिचा नवरा मागे जाळं सांधत होता. तो हळूच म्हणाला, "आपली बोट वरून कशी दिसते ती बघायची होती."

"खालून दिसते तेवढी पुरे हाय," ती म्हणाली. "आदी तिला रंग दे."

दुपारी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाकरी थापली की शेजारणीला ऐकू जातं. इथे उकड काढून पाण्याच्या हाताने भाकरी अशी फिरवतात, की आवाज होत नाही आणि ती फुगते तेव्हाच कळतं. मी एक करून बघितली. वन्संनी ती कुत्र्याला घातली.

वाणगाव, सोमवार

सकाळी आठला वारा नव्हता. नकाशा हिरवा होता. शेठला वन्संनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "उडवा की. नसलेली वाट दिसेल कशी?"

आम्ही शेठच्या रानात, पाड्याकडच्या तारेपाशी उभ्या राहिलो. बघायला पाड्यातून सात-आठ बायका आल्या होत्या, तारेच्या पलीकडे उभ्या. त्यांची पुढारी लाडकीबाई. साठीची, काटक, डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी, आणि ती पाटी खाली न ठेवताच सगळं बोलणं. वळसा घालून बाजाराला पोचेपर्यंत ऊन चढतं आणि ताडगोळे मऊ पडतात, असं ती सांगत होती.

"नरम ताडगोळा कोन घेल? शेठ घेल?"

मी ड्रोन वर चढवला. घारी लांब होत्या. (घार हा ड्रोनचा पहिला शत्रू. तिला वाटतं, नवीन भाडेकरू आला.) चाळीस मीटरवरून वाणगाव पडद्यावर पसरलं: चिकूच्या गोल गोल टोप्या, ढोबळ्या मिरचीच्या पांढऱ्या जाळ्या, रुळांची जोडी, आणि शेठच्या नांगरलेल्या रानातून, कलमांच्या मधून गेलेली एक फिकट रेघ. पाड्याकडून येत होती, वन्संच्या बांधाला लागत होती. दर दहा पावलांवर जरा वळत होती, माणूस चालताना वळतो तशी. ट्रॅक्टरने वरची माती उलटली होती, पण शंभर वर्षं तुडवलेली खालची माती घट्ट होती आणि तिथे गवत नीट उगवलं नव्हतं.

"ही बघ!" वन्सं ओरडल्या. बायका तारेवरून वाकून पडद्याकडे बघू लागल्या.

"ती मी," लाडकीबाई एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली. "पाटी दिसते ना."

आणखी चांगलं चित्रण हवं म्हणून मी ड्रोन खाली आणला, दहा मीटरवर, आणि रेघेवरून हळूहळू चालवत नेला. हा हावरटपणा. चिकूच्या गर्दीमागे तो गेला आणि संपर्क तुटला. संपर्क तुटला की ड्रोन घाबरत नाही. तो ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत मालकिणीकडे परत येतो. ती उंची मी बार्शीत ठरवली होती, पंधरा मीटर. बार्शीत मंगल कार्यालयाचा मंडप पाच मीटर, कार्यालयाची पाटी आठ मीटर, त्यामुळे पंधरा मीटर म्हणजे चैन.

इथे आमच्या मधे ताड होता.

ड्रोन अगदी शिस्तीत, सरळ रेषेत, ताडाच्या शेंड्यात शिरला. एक 'खट्ट' झालं, मग मडकं फुटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. बुंध्यावरून ताडीची पांढुरकी धार खाली आली.

"बारकूचा ताड," लाडकीबाई म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला दिवसभरात कळला.

चित्रणाचं कार्ड ड्रोनच्या पोटात होतं. मोबाइलमध्ये प्रत उतरत नव्हती, कारण मोबाइल एका बारशाच्या फोटोंनी भरला होता. म्हणजे वाटेचा पुरावा पन्नास फुटांवर, आणि पाहणीला सव्वीस तास.

"चढायला कुणाला तरी बोलवा," मी म्हटलं. ताडाला खाचा पाडलेला बांबू बांधलेला होता, शिडीसारखा. पलीकडून जाणाऱ्या एका तरण्या गड्याला मी हाकही मारली. तो आला, वर बघितलं, मडकी बघितली आणि मागे सरकला.

"नाय. बारकूकाकांचा हाय."

"मग काय झालं? झाड शेठच्या रानात आहे."

"रान शेठचं. ताड बारकूचा," लाडकीबाईने मला समजावलं, पहिलीतल्या पोराला समजावतात तसं. "जो ताडी काढतो त्याचाच पाय. दुसऱ्याचा पाय लागला तर झाड रुसतं. दोन-दोन महिने थेंब देत नाय."

"मग बारकूकाकांना बोलवा."

"ते पहाटे चढून गेले. आता सांजचेला."

"आधी नाही येणार?"

"आधी येऊन काय करतील? झाडाला टायम असते."

वाणगावात त्या दिवशी मला बरेच सल्ले मिळाले. एकाने दगड मारून पाडा म्हटलं. एकाने वीजवाल्यांची गाडी मागवा म्हटलं. एका आजोबांनी ड्रोनलाच फोन लावून बघा म्हटलं. चढायला मात्र कुणी तयार नव्हतं. मी मनाशी हिशेब केला: फुटलेलं मडकं भरून द्यावं, म्हणजे म्हाताऱ्याचा राग अर्धा उतरेल. दुपारी बाजारात जाऊन चांगलं भाजलेलं मडकं आणलं.

संध्याकाळी बारकूकाका आले. सत्तरीचे असतील, कमरेला कोयता, अंगात बनियन, पायांचे तळवे बुंध्यासारखे. त्यांनी आधी धार वाळलेला बुंधा बघितला, मग वर बघितलं, मग माझ्याकडे.

"पाखरू तुमचं?"

"माझं. चूक झाली, काका. हे घ्या मडकं."

त्यांनी मडकं हातात घेतलं, गळ्यात हात घालून फिरवला आणि परत दिलं.

"पाण्याचं हाय. ताडीच्या मडक्यात तीन बोटं गेली पायजेत आन् चवथं अडलं पायजे. नायतर माश्या आंघोळ करतात."

"मी बार्शीहून पाठवते तसं. आमचा कुंभार ओळखीचा आहे."

"बार्शी कुठशी आली?"

"लांब."

"मग मडकं येयाच्या आदी मी जाईन," म्हणाले आणि चढले. माझा नवरा घरात जिना चढतो त्याच्या निम्म्या वेळात. वरून त्यांनी ड्रोन फडक्यात बांधून सोडला. दोन पाती तुटलेली, पोटात ताडी, ताडीवर मुंग्या. कार्ड काढलं, पुसलं, वन्संच्या लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपने असं काही कार्ड जगात असल्याचंच नाकारलं.

वन्सं पायरीवर बसल्या. मी आयुष्यात प्रथमच त्यांना हुकूम न सोडता पाच मिनिटं बसलेलं बघितलं. लाडकीबाई अंगणाच्या कडेला पाटी घेऊन उभीच होती. "मग उद्या काय दाखवाचं?" एवढंच म्हणाली.

बारकूकाका खाली बसून बिडी ओढत होते. "काय होतं त्या पाखरात?"

"वाट," मी म्हटलं. "वरून वाट दिसते, ती त्यात होती."

"दिसते म्हंजे? मी रोज बघतो. दोन टायम."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या मोबाइलकडे. मग बारशाचे सगळे फोटो पुसून टाकले.

मंगळवार

सूर्य उगवता उगवता मी मोबाइल बारकूकाकांच्या गळ्यात फडक्याने बांधला आणि कुठे दाबायचं ते तीनदा दाखवलं. ते वर गेले, मडकी उतरवली, खाली आले. सकाळची ताडी गोड असते, थंड, किंचित फसफसणारी. मी एक पेला घेतला, दुसरा नको म्हटलं, तिसरा घेतला. मग चित्रण बघितलं.

साडेचार मिनिटं होतं. त्यात बारकूकाकांची हनुवटी तीन मिनिटं. कोयता. आभाळ. एक मुंगळा, अतिशय जवळून. आणि मग बारा सेकंद, सकाळच्या तिरप्या उन्हात, रेघ. मागून आवाज: "ही वाट. ती तिकडं सडकेनं लाडकी चालली. ए लाडके, वर बघ! बघत नाय. बहिरी हाय."

माझ्या चित्रणापेक्षा ते सरस होतं. ऊन तिरपं असलं की जमिनीवरचा प्रत्येक खड्डा सावली टाकतो, आणि मी ड्रोन आठला उडवला होता. हे मला वीस वर्षं फोटो काढून कळायला हवं होतं.

अकरा वाजता सर्कलसाहेब आले. तरुण, घामेजलेले, बगलेत फाईल. शेठही आला, मऊ बोलणारा, सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटणारा. मी मोबाइल पुढे केला. अकराच्या उन्हात पडद्यावर सर्कलसाहेबांना फक्त सर्कलसाहेब दिसले. आम्ही छत्री धरली, साडीचा पदर धरला, शेवटी शेठने स्वतः पाण्याचं खोकं आडवं धरलं.

"यात हनुवटी दिसते," सर्कलसाहेब म्हणाले.

"पुढे आहे."

"मॅडम, असा व्हिडिओ मी पंचनाम्याला जोडू कसा? काढणारा कोण, कुठून काढला?"

"बघा ना," शेठ म्हणाला. "मी आधीपासून सांगतोय. इथून कुणी जात-येत नव्हतंच. झाडंझुडपं होती नुसती."

लाडकीबाई तारेपलीकडे उभी होती. तिच्या मागे बायका. सर्कलसाहेबांनी पेन काढलं. ते पेन फायलीवर टेकलं असतं, तर काय लिहिलं गेलं असतं ते सगळ्यांना कळत होतं.

तेवढ्यात बारकूकाका आले. हातात दोन बाटल्या, तोंडाला केळीच्या पानाचे बोळे. ते सरळ शेठकडे गेले.

"शेठ, तुमची आजची."

शेठने बाटल्या घाईघाईने पाठीमागे घेतल्या.

"रोज येते का ही?" सर्कलसाहेबांनी विचारलं.

"रोज," बारकूकाका म्हणाले. "सकाळची शेठला, सांजची बाजारात. जुन्या मालकालाबी देत होतो. त्याच्या बापालाबी."

"तुम्ही राहता कुठे?"

"पाड्यात."

"मग कुंपणातून येता कसे?"

बारकूकाकांनी कोयत्याने दाखवलं. पाड्याच्या बाजूला तारेला एक जागा मोकळी सोडली होती. दोन खांब, मधे माणूस तिरका होऊन जाईल, पण पाटीवाली बाई जाणार नाही, एवढी फट. तिथून तडक ताडाकडे पायांनी चोपडी झालेली माती. आम्ही सगळे दोन दिवस त्या फटीसमोर उभे राहून आभाळात बघत होतो.

"ही कुणी ठेवली?"

"शेठनीच," बारकूकाका कौतुकाने म्हणाले. "कुंपण घातलं तवा मीच बोललो, तुमची ताडी काय हवेतनं येल? तर लगेच खांब सरकवला. माणूस चांगला हाय."

लाडकीबाईने दोन दिवसांत पहिल्यांदा पाटी खाली ठेवली. "म्हंजे ताडी आली तर वाट हाय," ती शेठला म्हणाली, "आन् ताडगोळा आला तर वाट नाय?"

पहिले हसले सर्कलसाहेब, मग बायका. शेवटी शेठही, कारण दोन्ही हात पाठीमागे बाटल्यांत गुंतले असताना माणसाला दुसरं काही करता येत नाही. सर्कलसाहेब फटीपाशी गेले, तिरके झाले, पलीकडे पाड्याकडे चालत गेले आणि चालत परत वन्संच्या बांधापर्यंत आले. पावलं मोजली. मग ताडाच्या सावलीत बसून त्यांनी बारकूकाकांचा जबाब लिहून घेतला: जन्मापासून याच वाटेने येतो, ताडाच्या शेंड्यावरून ती पूर्ण दिसते. अंगठा उमटला. बारकूकाकांनी शाई पुसायला ड्रोनचंच फडकं घेतलं.

बार्शी

परत येऊन महिना झाला. ड्रोनची पाती नवीन घातली, पोटातल्या मुंग्या झटकल्या, परतीची उंची चाळीस मीटर केली. गेल्या लग्नात तो परत येताना इतका वर गेला, की वरमाईला वाटलं, सोडून चालला. मी दुर्लक्ष केलं.

आमच्या कुंभाराकडून मडकं करून घेतलं. तीन बोटं जातात, चौथं अडतं, मी स्वतः घालून बघितलं. लग्नाच्या अल्बमच्या खोक्यात पेंढा भरून पाठवलं. काल वन्संचा फोन आला.

"हुकूम निघाला. फट चार फूट केली. लाडकी आता सातच्या आत बाजारात असते, तुला ताडगोळे पाठवू म्हणते. आन् तुझं मडकं चढलं."

"झाड रुसलं नाही ना?"

"कुठं! बारकूकाका सांगतात, बार्शीच्या मडक्यात पेलाभर जास्तच उतरते."

खरं असेल, नसेल. वर जाऊन बघायला मला कुणी पाय ठेवू देणार नाही, आणि ड्रोन मी पाठवणार नाही.